उगाच डोक्यावर घेतलेले इंडी कलाकार आणि गिटारवाले : नाव घ्या, कारण द्या

चौथी तार (धागाकर्ता)

‘सध्या काय ऐकताय’ धाग्यावर जी हाणामारी चालू आहे ती तिथून हलवावी म्हणून हा वेगळा धागा. तिथे मी अमेरिकेतले जॅक व्हाइट आणि बॉन इव्हेअर, आणि आपल्याकडचा गायक-गिटारवाला प्रतीक कुहाड या तिघांना एका दमात ‘ओव्हररेटेड’ म्हणालो. त्यानंतर माझ्या कानांची, वयाची आणि एका सदस्याने तर माझ्या मुंजीचीही चौकशी केली.

नियम एकच. ‘बोअर होतं’, ‘झोप येते’ हे कारण चालणार नाही. लोक त्या माणसाचं नेमकं कशासाठी कौतुक करतात ते सांगायचं, आणि ते त्याच्या वाजवण्यात-गाण्यात कुठे सापडत नाही तेही सांगायचं. पटत नसेल त्याने तसंच मुद्द्यावर उत्तर द्यायचं.

माझ्यापासूनच सुरुवात. जॅक व्हाइट. लाल-पांढरे-काळे कपडे, फायबरग्लासची जुनी एअरलाइन गिटार, मेग व्हाइटसोबतचा दोघांचाच बँड ‘द व्हाइट स्ट्राइप्स’, त्यांचा २००३ चा अल्बम ‘एलिफंट’ लंडनच्या टो रॅग स्टुडिओत आठ ट्रॅकच्या टेपवर, संगणकाला हात न लावता केलेला. सगळं मान्य, मला आवडतंही. पण ‘थोर गिटारिस्ट’ म्हणून पुरावा मागितला की शंभरातले नव्वद जण ‘सेव्हन नेशन आर्मी’ची रिफ, म्हणजे गाणंभर पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पुढे करतात. सात आघात, पाच सूर. बरेच जण ती बेस गिटार समजतात. ती साधी गिटारच आहे, व्हॅमी पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. आज युरोपातली फुटबॉलची मैदानं ती गातात. तर हा झाला झकास मुखडा. मुखडा बांधणाऱ्याला सलाम करू. पण म्हणून वादक थोर कसा झाला?

बॉन इव्हेअरच्या बाबतीत लोक गाण्याआधी झोपडी ऐकतात. प्रेमभंग, आजारपण, विस्कॉन्सिनच्या जंगलातलं लाकडी घर, हिवाळा, एकटा माणूस, माइक. ही गोष्ट माहीत नसलेल्या मित्राला पहिला अल्बम ऐकवून बघा. ‘छान आहे, शब्द कळत नाहीत’ एवढंच म्हणेल.

प्रतीक कुहाड : आवाज गोड, माणूस प्रामाणिक. पण अंगठा खालच्या तारांवर आलटून पालटून आणि वर दोन बोटं, हा एकच साचा माझ्या कानाला गाण्यामागून गाणी ऐकू येतो. २०१९ च्या शेवटी ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ‘कोल्ड/मेस’ आलं आणि त्यानंतर त्याच्यावर टीका करणं म्हणजे देशद्रोह झाला.

या, आता झोडपा.

बोरिवली स्लो

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतो.

मंद्रसप्तक

चौथी तार, तुमचं मोजमापच मला पटत नाही. ‘पाच सूर’ हा आरोप कसा काय होऊ शकतो? अमीर खांसाहेब अतिविलंबित झुमरा तालात दोन-तीन सुरांभोवती किती वेळ घालवायचे. तिथे कोणी उठून ‘एवढेच सूर येतात का हो?’ असं विचारलं नाही. तुमच्या पिढीतल्या गिटारवाल्यांचा हा जुना रोग आहे. बोटं किती पळतात यावर वादक ठरवायचा. आमच्याकडे अशाला ‘तयारी आहे’ म्हणतात आणि तेवढ्यावरच थांबतात, हे लक्षात घ्या.

कमी वाजवून मैफल धरून ठेवणं जास्त अवघड.

चौथी तार

मंद्रताई, खांसाहेबांकडे तान होती. ऐकणाऱ्याला शेवटी चक्कर येईल अशी होती. ती हातात असून ते राखून ठेवत, म्हणून त्या दोन सुरांना वजन. जॅक व्हाइटने राखून काय ठेवलंय ते दाखवा, मी धागा उडवायची विनंती स्वतः करतो.

धारवाडी काटा

घ्या दाखवतो. त्याच अल्बममधलं ‘बॉल अँड बिस्किट’. सात मिनिटांहून मोठं, सरळ बारा मात्रांच्या पट्टीतलं… माफी, बारा बारच्या चौकटीतलं ब्लूज. त्यात मधूनमधून जे सोलो फुटतात ते ऐका. सूर मुद्दाम चिरकवलेला, व्हॅमी वरच्या सप्तकात, आणि मागे मेग व्हाइटचा ढोल इतका साधा की आधाराला काहीच नाही. बेस गिटार नाही, दुसरी गिटार नाही. कॉर्ड सोडून सोलोकडे गेलं की खालचा मजला रिकामा होतो. तो रिकामा मजला सांभाळत वाजवणं ही तयारी नव्हे तर काय?

२००८ चा तो माहितीपट आठवा, लेड झेपलिनचा जिमी पेज, यूटूचा द एज आणि हा असे तिघे असलेला. सुरुवातीलाच लाकडाची फळी, खिळे, एक तार, कोकची बाटली आणि पिकअप घेऊन हा गडी वाद्य तयार करतो आणि वाजवतो. तुमचं म्हणणं फक्त मैदानात गायल्या जाणाऱ्या रिफवर उभं आहे. ती रिफ लोकप्रिय झाली यात त्याचा काय गुन्हा?

चौथी तार

काटेसाहेब, ‘बॉल अँड बिस्किट’ मान्य. मनापासून. पण मग मला सांगा, लोक कौतुक करताना ते का पुढे करत नाहीत? माझी तक्रार माणसावर कमी आणि कौतुकावर जास्त आहे. चुकीच्या गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं तर तेही ओव्हररेटेडच.

फळी आणि बाटलीबद्दल : ते दृश्य मस्त आहे, पण तेही पुन्हा झोपडीच. गोष्ट विकली जातेय.

अॅम्प जळाला

कौतुकाचा विषय निघालाच आहे तर याद्यांबद्दल बोलू. रोलिंग स्टोन मासिकाने २००३ मध्ये शंभर थोर गिटारवाद्यांची… वादकांची यादी काढली. (ऑटोकरेक्टचा णिषेध.) त्यात जॅक व्हाइट १७ वा. ‘एलिफंट’ त्याच वर्षीचा, म्हणजे यादी छापताना शाई ओली होती. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन १२ वा. आणि एडी व्हॅन हेलन, ज्याने दोन्ही हातांनी फ्रेटवर टॅपिंग करून अख्ख्या दशकाची बोटं बदलली, तो ७० वा!

२०११ मध्ये त्याच मासिकाने पुन्हा यादी केली. व्हॅन हेलन ८ वा, जॅक व्हाइट ७० वा, कोबेन ७३ वा. म्हणजे ७० नंबरची खुर्ची एकाने रिकामी केली आणि दुसऱ्याला दिली. जुना ब्लूजवाला रॉबर्ट जॉन्सन पाचव्यावरून ७१ वर. तो १९३८ मध्ये वारला. २००३ ते २०११ मध्ये त्याचं वाजवणं बिघडलं म्हणावं तर कसं?

गायिका-गिटारवादक जोनी मिचेलचा प्रवास तर बघा. २००३ मध्ये ७२, २०११ मध्ये ७५, आणि २०२३ मध्ये अडीचशे जणांची यादी केली तेव्हा एकदम ९. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा हात कमजोर. नेहमीचे कॉर्ड धरणं त्रासाचं म्हणून तिने तारा वेगवेगळ्या सुरांत लावून घेतल्या. पन्नासच्या आसपास ट्यूनिंगं वापरली बाईने. हे सगळं १९७० च्या आसपासच ऐकू येत होतं. ज्यांना लक्षात यायला २०२३ उजाडलं त्यांनी दुसऱ्यांना नंबर द्यावेत हे मोठंच धाडस.

खडूस आजोबा

+१ अॅम्प. आणि त्या २००३ च्या यादीत अमेरिकन गिटारवादक राय कूडर आठवा होता. त्याने ज्यांच्यासोबत अल्बम करून १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं त्या विश्वमोहन भट्टांचं नाव शंभरात नाही. मोहनवीणा गिटार नव्हे म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ‘जगातले थोर’ असं मथळ्यात लिहू नका. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ मध्ये शिवजी (शिवकुमार शर्मा) आणि हरिजींबरोबर (हरिप्रसाद चौरसिया) गिटारवर राग वाजवला आणि ती तबकडी अजून विकली जाते. आपल्याच लोकांना ती गिटार होती हे सांगावं लागतं.

बाकी तुम्ही मंडळी डेट्रॉइटच्या जॅक व्हाइटवर आणि विस्कॉन्सिनच्या झोपडीवर भांडताय. आम्ही मुंबईच्या रंगभवनात गिटारवादक महेश तिनईकरांना ऐकलंय. त्यांचा बँड आधी रॉक मशीन, १९९३ पासून इंडस क्रीड. मराठी माणूस, मुंबईचा, इंग्रजी रॉक, स्वतःची गाणी. त्यांच्यावर इथे एक धागा नाही.

मावळतीचा ढ

आजोबा, धागा काढा की मग. नेहमी ‘आमच्या वेळी’ म्हणून निघून जाता.

मी प्रतीक कुहाडच्या बाजूने. चौथी तार, तुम्हाला एकच साचा ऐकू येतो, ठीक. तो अमेरिकन गायक-गिटारवाला इलियट स्मिथला मानतो हे त्याने स्वतःच सांगितलंय, आणि तिकडूनच ती बोटं आली आहेत. पण आपल्याकडे तसं कोण करत होतं? आमच्या हॉस्टेलवर ज्याच्या हातात गिटार होती तो एक तर रॉकस्टार व्हायला निघालेला असे, नाही तर गिटार भिंतीला टांगलेली. त्याचा अल्बम ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ २०१५ मध्ये आला आणि अचानक लोकांना वाटलं की हे मला जमेल. कॅपो (पट्टी बदलायचा चिमटा) लाव, चार कॉर्ड, हळू आवाजात खरं काहीतरी बोल.

तुमच्या आवडत्या दिग्गजांना ऐकून किती जणांनी गिटार हातात घेतली आणि किती जणांनी खाली ठेवली, तेही एकदा मोजा.

चौथी तार

ढ, हे या धाग्यावरचं आतापर्यंतचं सर्वात चांगलं वाक्य आहे आणि तरी मला पटत नाही. शिकायला सोपं हा गुण शिक्षणाचा. उद्या कोणी चांगलं गिटारचं पुस्तक लिहिलं तर त्याला थोर कलाकार म्हणशील का? त्याने दार उघडलं हे कबूल. पण दार उघडणारा आणि आत बसून गाणारा यांना वेगळे गुण द्यावे लागतात.

रच्याकने (जाता जाता), २०२० मध्ये तो इलेक्ट्रा रेकॉर्ड्स या मोठ्या अमेरिकन कंपनीकडे गेला. तेव्हापासून त्याला इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीविना स्वतंत्र, म्हणायचं का यावर इथे कोणी शब्दच्छल सुरू केला तर मी जेवायला जातो.

सौ. पाचपुते

मला या सगळ्यातलं फारसं कळत नाही. मुलगा दिवसभर बॉन इव्हेअर लावतो. सर्दी झालेल्या माणसाने देवळाच्या गाभाऱ्यात आलाप घ्यावा तसं वाटतं. पण सकाळच्या स्वयंपाकाला बरं असतं, मिक्सरच्या आड येत नाही. हलके घ्या.

मॅडिसनकर

पाचपुते काकू, लोळले!

मी गेली बरीच वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे, त्यामुळे झोपडीबद्दल बोलायचा अधिकार माझा. इथे ‘अप नॉर्थ’ कोणाच्या तरी वडिलांची केबिन असणं ही अत्यंत मामुली गोष्ट आहे. शिकारीच्या हंगामात लोक जातात, बिअर पितात, हरणं मारतात. जस्टिन व्हर्नन, म्हणजेच बॉन इव्हेअर, इथल्याच ओ क्लेअरचा; केबिन त्याच्या वडिलांचीच. २००६-०७ च्या हिवाळ्यात तिथे जाऊन राहिला. न्यूयॉर्क-लंडनच्या समीक्षकांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, अहाहा, अरण्यातला संन्यासी. इथल्या माणसाला वाटतं, बरं झालं, भाडं वाचलं.

पण चौथी तार, गोष्ट बाजूला काढली तर काही उरत नाही हे साफ चूक. कान देऊन ऐका. तो एकाच फाल्सेटोचे (पातळ, चढ्या आवाजाचे) थर चढवत जातो. दरवेळी उच्चार किंचित मागेपुढे, सूर किंचित वरखाली. त्या फरकातून तो घुमारा तयार होतो. एका माणसाचा समूह. शब्द कळत नाहीत कारण त्याने आधी नुसत्या ध्वनींनी चाल गायली आणि नंतर त्या ध्वनींत बसतील असे शब्द शोधले. तराण्यात ‘दिर दिर तानुम’चा अर्थ विचारता का तुम्ही?

पुढे त्याने आवाज मशीनमधून काढायला सुरुवात केली तेव्हा झोपडीवाले रसिक नाराज झाले. त्यावरून तुमचा अर्धा मुद्दा सिद्ध होतो, कौतुक झोपडीचं होतं. पण वाईट रसिक मिळणं हा कलाकाराचा दोष कसा?

मंद्रसप्तक

मॅडिसनकर, तराण्याचा मुद्दा एकदम मान्य. वाचनखूण साठवली.

चौथी तार

थरांबद्दल काही बोलत नाही, आज रात्री हेडफोनवर ऐकतो. दोष कलाकाराचा नाही हेही मान्य. पण धाग्याचं नाव ‘उगाच डोक्यावर घेतलेले’ आहे, ‘वाईट कलाकार’ नाही. घेणारे आपण.

धारवाडी काटा

सोयीस्कर माघार. नोंद घेतली आहे.

अॅम्प जळाला

मला एक नाव उलट बाजूने टाकायचंय. यूटूचा द एज. गिटारवाल्यांच्या कट्ट्यावर याचं नाव काढलं की हमखास ‘सगळं पेडलचं काम, हाताचं काही नाही’. २०१९ च्या डिसेंबरात यूटू नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले तेव्हाही बाहेर पडताना हेच ऐकलं.

आता हे काम कसं चालतं बघा. एक मात्रा धरा. हा माणूस अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर सूर वाजवतो. डिले पेडलवर प्रतिध्वनी लावलेला असतो पाऊण मात्रेवर. म्हणजे शून्यावर वाजवलेला सूर पाऊणवर परत येतो, अर्ध्यावर वाजवलेला सव्वावर. हाताचे आघात आणि परतलेले सूर एकमेकांच्या फटीत बसतात आणि ऐकणाऱ्याला पाव-पाव मात्रेची अखंड वीण ऐकू येते. यात गंमत अशी की हाताने तसूभर घाई केली तरी सगळा चिखल होतो, कारण मशीन चूकही इमानदारीने परत ऐकवतं. ड्रमवालाही त्याच लयीला बांधला जातो. घरी डिले लावून पाच मिनिटं वाजवून बघा आणि मग ‘सगळं पेडलचं’ म्हणा.

तसंच जॉनी मार. मँचेस्टरच्या द स्मिथ्स बँडचा गिटारवाला, १९८२ ते ८७. बँड सोडला तेव्हा हा तेवीस वर्षांचा होता. ‘हाऊ सून इज नाऊ?’मधली ती थरथर म्हणजे चार अॅम्पचे ट्रेमोलो (आवाज लहानमोठा करत थरथरवणारी सोय), आणि ते तालाबाहेर सरकले की टेप थांबवून पुन्हा जुळवायचे. अख्ख्या कारकिर्दीत ज्याला सोलो म्हणावं असं फार थोडं. सगळी करामत गायकाच्या खाली, त्याच्या ओळींच्या मधल्या जागेत. यादी करणाऱ्यांना ते दिसत नाही कारण तिथे टाळ्यांची जागा नाही.

बोरिवली स्लो

पॉपकॉर्न संपले. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव.

म्हापसेकर

अॅम्प बाब, एकदम बरोबर बोललात. आमच्याकडे गोव्यात लग्नाच्या बँडात गिटारवाला असतो तो रात्रभर कॉर्ड धरून बसतो. नवरा-नवरीच्या मागे, ट्रम्पेटच्या मागे. त्याने हात थांबवला तर नाचणारे थांबतात. तो वाजवतोय तोपर्यंत कोणाला कळत पण नाही. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात आमचे कितीतरी लोक असेच वाजवून गेले, तबकडीवर नाव नाही. त्यामुळे ओव्हररेटेड कोण या भांडणात मला रस कमी. मागे राहिलेले कोण ते विचारा.

माझ्याकडून एक नाव : सुस्मित सेन, इंडियन ओशन बँडचे. त्यांचा अल्बम ‘कंदिसा’ २००० चा. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी प्रार्थना, वर असीम चक्रवर्तींचा आवाज, त्यामुळे लोकांना आवाजच आठवतात. गिटार ऐका. कॉर्ड धरून ठोकणं जवळजवळ नाहीच. एक सूर खाली घुमत ठेवायचा आणि वर चाल फिरवायची, तंतुवाद्य वाजवल्यासारखी. २०१३ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यानंतर बँड चांगलाच आहे, पण वेगळा आहे. त्यावरून कळतं आधी काय होतं ते.

खडूस आजोबा

म्हापसेकर, देव बरे करो. त्याच रांगेत कोलकात्याचे गिटारवादक अमित दत्त. स्किनी अॅली बँडात वाजवायचे, जॅझ कोळून प्यालेले. पुढचा सूर कुठे जाईल याचा तुम्ही अंदाज बांधावा आणि त्यांनी दरवेळी शेजारच्या गल्लीत शिरावं. आणि बेंगळुरूचा ब्रूस ली मणी, थर्मल अँड अ क्वार्टरचा. आडवळणाचे कॉर्ड वाजवताना त्याच वेळी गातो, तेही सहज.

वॉरन मेन्डोन्सा मात्र मला जरा जास्त चढवलेला वाटतो. सूर अतिशय देखणा, पण त्याच्या ब्लॅकस्ट्रॅटब्लूजमध्ये पिंक फ्लॉइडचा गिलमोर डोकावतो.

मावळतीचा ढ

आजोबा!!! वॉरनला हात लावायचा नाही. त्याच्या ‘झीरो’ बँडपासून ऐकतोय त्याला. गिलमोर डोकावतो म्हणजे काय, प्रत्येकात कोणीतरी डोकावतोच. मघाशी इलियट स्मिथ सांगितला तेव्हा तुम्ही गप्प होता.

खडूस आजोबा

गप्प नव्हतो, डोळ्यांत ड्रॉप घातले होते. वॉरन एक सूर लांबवतो तेव्हा त्याच्या तोडीचा सूर भारतात कमी लोकांकडे आहे, हेही लिहून ठेव. चढवलेला म्हणालो, पडेल म्हणालो नाही.

कुंभार्लीचा वारा

एक काडी टाकू का? अभंग रिपोस्ट हा बँड. गिटार, बेस, ड्रम घेऊन तुकोबा-ज्ञानोबा. पोरं मन लावून वाजवतात, गर्दीही उसळते. पण ‘मराठी संगीतात क्रांती’ वगैरे वाचलं की वाटतं, शब्द तुकोबांचे म्हटल्यावर अर्धी लढाई आधीच जिंकलेली. स्वतःचे मराठी शब्द घेऊन कोणी उभं राहिलं तर तेवढीच गर्दी येईल का?

मंद्रसप्तक

वारा, मग सगळ्या अभंग गाणाऱ्यांना हाच नियम लावा. भीमसेनजींनाही. शब्द तुकोबांचे, म्हणून अर्धी लढाई जिंकलेली? अभंग शेकड्यांनी गायले गेले, त्यातले किती लक्षात राहिले?

कुंभार्लीचा वारा

भीमसेनजींना मध्ये आणणं म्हणजे तोफ आणणं. शरण. पण स्वतःच्या मराठी गाण्यांचा प्रश्न तसाच आहे, त्याला कोणी हात लावला नाही.

संपादक मंडळ

वय, मुंज आणि श्रवणयंत्र यांवरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. कृपया संगीतावर बोला.

चौथी तार

मंडळाचे आभार, मुंज वाचली.

आतापर्यंतचा माझा हिशेब : जॅक व्हाइटबद्दल काटेसाहेबांनी मला दोन पावलं मागे रेटलं, पण १७ वा नंबर मी अजून देत नाही. बॉन इव्हेअर हेडफोननंतर. कुहाडवर ठाम आहे, ढला कितीही राग येवो. त्याने मला असं एक गाणं द्यावं ज्यात गिटार काढून टाकली तर गाणं लंगडं होईल. नुसतं मोकळं वाटेल असं नको, लंगडं.

मावळतीचा ढ

देतो. रविवारपर्यंत वेळ द्या, सबमिशन आहे. तोवर तुम्ही डिले लावून पाच मिनिटं वाजवून रेकॉर्डिंग टाका, अॅम्पभाऊ तपासतील.

अॅम्प जळाला

मेट्रोनोम ऐकू यायला हवा. एडिट करून टाकलेलं ओळखतो मी.

धारवाडी काटा

आणि या सगळ्यात आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडचं नाव अजून कोणीच घेतलं नाही? २००६ च्या पहिल्या अल्बममधलं ड्रमिंग सोडून बाकीच्यावर माझी लांबलचक तक्रार आहे. इथेच लिहू की नवा धागा काढू?